डीपीकेजी -एल

डेबियन किंवा उबंटू असलेल्या संगणकावर कोणकोणती पॅकेजेस बसवलेली आहेत, हे टर्मिनलवर दाखवणारी जुनी आणि आजही भरवशाची कमांड. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन प्रकल्प सुरू केला आणि पुढच्याच वर्षी डीपीकेजी आले. रेड हॅट घराण्यात हेच काम ‘आरपीएम -क्यूए’ करते, आर्चमध्ये ‘पॅकमन -क्यू’.

ही कमांड डिस्क धुंडाळत बसत नाही. ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ ही साधी मजकुराची फाईल वाचते आणि तिथे जे लिहिले आहे तेवढेच सांगते. साहजिकच सोर्स कोडवरून ‘मेक इन्स्टॉल’ करून ‘/यूएसआर/लोकल’मध्ये टाकलेला प्रोग्राम, पिपने आणलेले पायथन मॉड्यूल किंवा स्नॅपचे ॲप यादीत सापडत नाही.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरे असतात. नवखे लोक नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. पहिले अक्षर पॅकेजचे काय व्हायला हवे ते सांगते, दुसरे प्रत्यक्षात काय झाले ते. ‘आयआय’ म्हणजे सगळे ठीक. ‘आरसी’ म्हणजे पॅकेज काढले, पण त्याच्या कॉन्फिगरेशन फाईली राहिल्या: भाडेकरू गेला, ट्रंक माळ्यावरच. ती ट्रंक हलवायला ‘पर्ज’ करावे लागते. यादी थेट ‘डब्ल्यूसी -एल’कडे पाठवून पॅकेजेस मोजणाऱ्यांचा आकडा म्हणूनच फुगतो, त्यात शीर्षकाच्या ओळी आणि या ‘आरसी’ नोंदीही धरल्या जातात.

२०१४ मध्ये सुटसुटीत ‘एपीटी’ कमांड आली. ‘एपीटी लिस्ट --इन्स्टॉल्ड’ माणसाला वाचायला बरी, कारण दुसऱ्या पॅकेजच्या गरजेपोटी आपोआप आलेली पॅकेजेस ती वेगळी दाखवते. स्क्रिप्टमध्ये मात्र ती वापरू नये. आउटपुट पुढे पाठवताच ती स्वतःच तशी ताकीद देते. तिथे ‘डीपीकेजी-क्वेरी -डब्ल्यू’ बरी. नव्या मशीनवर जुना संसार मांडायचा असेल तर ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ सर्वांत कामाची: मुद्दाम मागून घेतलेलीच पॅकेजेस ती सांगते.

मार्च २०२४ मध्ये ‘डीपीकेजी -एल’च्या यादीकडे जगभरच्या ॲडमिन मंडळींचे डोळे लागले. एसएसएच लॉगिनला लागणाऱ्या जास्तीच्या वेळेचा माग काढताना प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांना एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेले चोरदार सापडले. एक्सझेडच्या लायब्ररीचे पॅकेज ‘लिबएलझेडएमए५’ कोणत्या आवृत्तीचे आहे, हे जो तो तपासू लागला. डेबियन १२ वर ५.४.१ होती, म्हणून तिथे धोका नव्हता. चाचणीच्या शाखांमध्ये मात्र सदोष पॅकेज पोहोचले होते. डेबियनने तिथे मागे जाऊन जुना कोड दिला, पण अपडेट करताना एपीटी मोठा आवृत्ती-क्रमांक निवडते. मग दुरुस्त पॅकेजला क्रमांक मिळाला ‘५.६.१+रिअली५.४.५-१’. यादी वरवर चाळणाऱ्याला तिथे बदनाम ५.६.१ दिसे, आत होता ५.४.५.