घेणाऱ्यांनी दिलेले दान : आनंदवन आणि वरोरा

दानाचा इतिहास बहुधा देणाऱ्यांच्या नावांनी लिहिला जातो. धर्मशाळेच्या भिंतीवर, पाणपोईच्या फरशीवर, शाळेच्या कोनशिलेवर दात्याचे नाव कोरलेले असते. ज्याला दान मिळाले, त्याचे नाव कोठेही आढळत नाही. त्याने फक्त घ्यावयाचे आणि कृतज्ञ राहावयाचे, असे समाज गृहीत धरतो. विदर्भाच्या अलीकडच्या इतिहासात मात्र एक प्रकरण असे आहे की, ज्यांना समाजाने जन्मभराचे याचक ठरविले होते, त्यांनीच आपल्या कुंपणाबाहेरच्या गावाला दिले. ते प्रकरण चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथील आनंदवनाचे होय. वृद्धाश्रम, अनाथालये व आश्रितांच्या वसाहती यांचा विचार करणाऱ्या प्रत्येक संस्थेने ते समजून घेण्यासारखे आहे.

वसाहती आणि त्यांची कुंपणे

वृद्ध, अपंग व निराधार यांच्यासाठी स्वतंत्र निवारा उभारण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ साली निराधार वृद्धांसाठी आश्रम सुरू झाला. ‘निवारा’ या नावाने तो आजही ओळखला जातो. अशा संस्थांनी असंख्य जीवांना आधार दिला, यात शंका नाही. परंतु तेथील व्यवहार एकाच दिशेचा राहिला. बाहेरून देणगी आत येई आणि आतून आशीर्वाद बाहेर जाई. आतील माणसे शेजाऱ्यांच्या काही उपयोगी पडू शकतील, हा विचार क्वचितच झाला.

कुष्ठरोग्यांच्या बाबतीत तर कुंपण अधिकच उंच होते. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यास पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. हा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूदही २०१९ मध्येच वगळण्यात आली. कायद्याची ही स्थिती, तर लोकमानसाची काय असेल, याची कल्पना करता येते. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात या रोगाचे प्रमाण अधिक होते. आजचा गोंदिया जिल्हा, जो १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, त्याला अपवाद नव्हता. घरातून बाहेर काढलेला रुग्ण रेल्वे स्थानकावर किंवा देवळाच्या पायरीवर जाऊन बसे, आणि लोक दुरूनच नाणे टाकून पुढे जात. त्या नाण्यात दया होती, पण भयही तितकेच होते.

या परिस्थितीला उत्तर देणारे कार्य विदर्भातच उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवनाची स्थापना केली. त्यानंतरचे नाव मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे यांचे.

चौदा रुपयांचे भांडवल

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. सधन घराण्यातील हा तरुण वरोऱ्यास वकिली करीत होता आणि नगरपालिकेच्या कारभारातही होता. पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दृष्टीस पडला आणि त्यांच्या जीवनाची दिशा बदलली. १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. वरोऱ्याजवळ शासनाकडून पन्नास एकर जमीन मिळाली. परंतु ती खडकाळ व झुडपांनी भरलेली होती. बाबा, साधनाताई, त्यांची दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर काम सुरू झाले. २१ जून १९५१ रोजी आचार्य विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले.

व्यापाराच्या दृष्टीने पाहता हे भांडवल हास्यास्पद वाटेल. परंतु जमेच्या बाजूस एक रक्कम अशी होती की, जी कोणत्याही वहीत मांडली जात नाही. ती म्हणजे रुग्णांचे श्रम. बोटे झडलेल्या हातांना कुदळ धरता येते, हे त्या रुग्णांना स्वतःलाही नव्याने कळले. विहीर खणली गेली, जमीन लागवडीखाली आली, गोठा उभा राहिला. मजुरीचा खर्च वाचत असल्यामुळे बाहेरून येणारी लहानशी देणगीही बरेच दूर पुरे. दया नको, संधी हवी, हा बाबांचा आग्रह याच व्यवहारातून आकारास आला. पुढे आनंदवनात हातमाग आले. सतरंज्या, चादरी, टॉवेल विणले जाऊ लागले. ते कापड हाती घेणाऱ्यास, विणकराच्या हाताला किती बोटे आहेत, हे पोतावरून ओळखता येत नाही.

भाजीची टोपली

काही वर्षांतच आनंदवनात स्वतःच्या गरजेपेक्षा अधिक भाजीपाला व दूध निघू लागले. ते वरोऱ्याच्या बाजारात गेले; परंतु कोणी विकत घेईना. गावाने भीक देण्यास नकार दिला नव्हता. मात्र त्याच हातांनी पिकविलेली भाजी घेण्यास नकार दिला. या एका प्रसंगात दया आणि समानता यांतील अंतर पुरेपूर दिसून येते.

हे भय शब्दांनी गेले नाही. १९५० च्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे तरुण स्वयंसेवक अनेक देशांतून आनंदवनात राहावयास आले. स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये सुरू झालेली ही संस्था श्रमशिबिरांतून जगभर बांधकामे करीत असे. आनंदवनात या तरुणांनी रुग्णांच्या खांद्यास खांदा लावून रुग्णालयाच्या इमारतीचे काम केले. सातासमुद्रापलीकडची सुशिक्षित मुले कुष्ठरुग्णांसमवेत राहतात, तेथेच पिकलेले अन्न खातात आणि त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर बाजार उघडला. पहिली भाजीची टोपली विकली गेली त्या दिवशी आनंदवनास मिळालेले पैसे थोडेच असतील. परंतु याचक आणि दाता हे नाते संपून विक्रेता आणि ग्राहक, अर्थात शेजारी आणि शेजारी, हे नवे नाते त्या दिवसापासून सुरू झाले.

गावासाठी महाविद्यालय

यापुढची घटना सर्वांत महत्त्वाची आहे. त्या काळी वरोरा परिसरातील मुलामुलींना मॅट्रिकनंतर शिकावयाचे तर गाव सोडून नागपूरसारख्या शहरी जावे लागे. शेतकऱ्याच्या व लहान दुकानदाराच्या घरास हा खर्च झेपत नसे. मुलींचे शिक्षण तर तेथेच थांबत असे. अशा वेळी महाविद्यालय उभारण्याचे काम आनंदवनाने हाती घेतले. १९६४ साली आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या इमारतीसाठी कुष्ठरुग्णांचे हात राबले. लगेच १९६५ मध्ये कृषी महाविद्यालयही निघाले.

कोणाही व्यवहारी माणसास येथे प्रश्न पडेल. ज्या संस्थेला स्वतःच्या औषधपाण्यासाठी लोकांकडे पाहावे लागते, तिने गावासाठी महाविद्यालय का उभारावे? तो पैसा व ते श्रम रुग्णांसाठीच का वापरू नयेत? प्रश्न अयोग्य नाही. परंतु परिणामाकडे पाहिले असता त्याचे उत्तर मिळते. ज्या आवाराजवळून जातानाही लोक नाकाला पदर लावीत, त्याच आवारात गावाने आपली मुले विश्वासाने पाठविली. शेकडो व्याख्याने देऊन जे मतपरिवर्तन झाले नसते, ते एका महाविद्यालयाने झाले. रुग्णांच्या औषधाइतकीच ही गोष्ट त्यांच्या हिताची होती. कारण रोग औषधाने बरा होई. बहिष्काराला मात्र औषध नव्हते. नागपूर विद्यापीठाच्या छायेत वाढलेला हा परिसर २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. आनंदवनात शिकलेल्या पिढ्या त्याआधीच विदर्भभर पसरल्या होत्या.

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चतुर्विध दाने सांगितली आहेत. आनंदवनाने शेजाऱ्यांना दिलेल्या गोष्टी या मापाने मोजल्या तर चारही तेथे आढळतात. भाजी व दूध हा आहार, रुग्णालय हे औषध, महाविद्यालय हे ज्ञान. आणि अभय? ज्यांची भीती वाटत होती, त्यांनीच ती भीती दूर केली. अभयदानाचे इतके अर्थपूर्ण उदाहरण क्वचितच सापडेल.

सोमनाथपासून पुढे

देण्याची ही सवय पुढेही टिकली. अंध व मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या, अपंगांच्या प्रशिक्षणासाठी संधिनिकेतन उभे राहिले. १९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्पाचा आरंभ झाला. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीने प्रवास करणाऱ्यांना मूल स्थानक परिचित आहेच. त्या परिसरात कुष्ठमुक्तांनी भाताची शेती उभी केली. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रभरातील तरुण उन्हाळ्यात येऊन घाम गाळू लागले. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड परिसरात हेमलकसा येथे माडिया गोंड आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढविला. म्हणजे शेजार हा शब्द आनंदवनाने वरोऱ्यापुरता मर्यादित ठेवला नाही. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांचे आणि २०११ मध्ये साधनाताईंचे निधन झाले. परंतु कार्य थांबले नाही.

वार्धक्याचा प्रश्न

काळाबरोबर आनंदवनाचे स्वरूपही बदलले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये देशाच्या पातळीवर या रोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले. विदर्भातील काही भागांत रुग्ण अद्याप आढळतात, हे विसरता येत नाही. तथापि नव्याने येणाऱ्यांची संख्या घटली आणि तारुण्यात आलेले लोक आनंदवनातच म्हातारे झाले. त्यांच्यासाठी ‘स्नेहसावली’सारखी निवासस्थाने झाली. विहिरी खणणारे, महाविद्यालय बांधणारे हात आता विसाव्याचे धनी आहेत. परंतु त्यांच्या वार्धक्यात व सामान्य वृद्धाश्रमातील वार्धक्यात एक फरक आहे. शेजारच्या गावाने त्यांना पोसले, असे कोणी म्हणू शकत नाही. देणेघेणे दोन्ही बाजूंनी झालेले आहे.

परदेशातही हा विचार वेगळ्या वाटेने पोहोचलेला दिसतो. अमेरिकेत निवृत्त लोकांच्या स्वतंत्र वसाहती असतात. क्वेकर पंथीयांच्या प्रेरणेने पेन्सिल्वेनियात १९७३ साली सुरू झालेली केंडल ही त्यांपैकी एक प्रसिद्ध वसाहत. पुढे ओहायो राज्यातील ओबर्लिन येथे तिची शाखा निघाली आणि त्या आवारातच लहान मुलांची शाळा चालू झाली. अशा अनेक वसाहतींतील रहिवासी आपापसांत वर्गणी काढून निधी उभारतात व गावातील शाळा, वाचनालय, अन्नछत्र यांना छोट्या रकमा देतात. रक्कम कोणाला द्यावयाची, हे रहिवाशांचीच समिती ठरविते. तेथील लोक सुखवस्तू आहेत आणि आनंदवनातील लोक सर्वस्व गमावून आले होते, हा फरक मोठा आहे. तरीही अनुभव एकच सांगतो की, माणसाला अन्न व निवारा मिळाला तरी त्याची एक भूक उरते. कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची.

ताळेबंद

संस्थेचा सुवर्णमहोत्सव ही ताळेबंद मांडण्याची वेळ असते. किती खोल्या बांधल्या, किती जणांना आश्रय दिला, किती निधी जमला, हे आकडे त्यात येतातच. आनंदवनाचा इतिहास त्यात आणखी एक रकाना सुचवितो : आश्रय घेतलेल्यांना देण्याची संधी किती मिळाली?

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वृद्धाश्रमाने वार्षिक खर्चातील अल्पशी रक्कम बाजूस काढावी आणि तिचा विनियोग तेथील वृद्धांनीच ठरवावा. शेजारच्या वस्तीतील मुलांच्या वह्या, अंगणवाडीची सतरंजी, उन्हाळ्यातील पाणपोई, धान रोवणीच्या दिवसांत आई शेतावर गेलेल्या मुलांसाठी सायंकाळचा अभ्यासवर्ग, यांपैकी काहीही चालेल. निवृत्त शिक्षकाने शिकवावे, निवृत्त मुनिमाने हिशेब ठेवावा, ज्यांना चालवत नाही त्यांनी मुलांना गोष्टी सांगाव्यात. पैसा थोडा असला तरी निर्णय त्यांचा असावा आणि हात त्यांचे असावेत.

वरोऱ्याच्या बाजारात न विकली गेलेली ती भाजीची टोपली आणि पुढे त्याच गावाने भरून गेलेले महाविद्यालयाचे वर्ग, यांमध्ये अवघ्या काही वर्षांचे अंतर होते. ते अंतर कापले गेले, कारण कुंपणाच्या आतील माणसांनी पहिले पाऊल बाहेर टाकले. आश्रितांनाही असे पाऊल टाकू देणे, हे आश्रयदात्या संस्थांचे यापुढील कर्तव्य आहे.