बुडीत खात्यातली जहाजे

आमच्या बँकेत 'बुडाले' हा शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत. रात्री साप दिसला तर 'जनावर' म्हणायचे, तसे आम्ही बुडालेल्या कर्जाला आधी 'थकीत' म्हणतो, मग 'संशयित' म्हणतो आणि त्याने अगदीच तळ गाठला, की 'बुडीत खाती जमा' असे लिहून मोकळे होतो. एकदा कर्ज तिथे गेले, की शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना हायसे वाटते. कारण बुडीत खात्याचा सर्वांत मोठा गुण हा, की त्यात पुन्हा डोके घालावे लागत नाही.

हल्ली मात्र लोक पदरचे पैसे देऊन बुडीत खात्यात डोके घालू लागले आहेत. नुसते डोके नव्हे, हातपाय आणि पोटासकट सगळा देह. याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. तारकर्ली-मालवणकडे याचा मोठा बोलबाला आहे. पूर्वी पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की 'हापूस कसा डझन?' एवढेच विचारायचे. आता 'पाण्याखाली काय बघण्यासारखं आहे?' असे विचारतात. पाण्यावरचे सगळे बघून झाल्यासारखे!

आमच्या पुण्याच्या मेहुण्याने गेल्या दिवाळीत हाच प्रश्न जरा ऐतिहासिक करून विचारला. "भावजी, तुमच्या कोकणच्या समुद्रात जुनी जहाजं बुडालेली असतीलच की हो. खजिना वगैरे?" 'वगैरे' हा शब्द त्याने इतक्या हळुवारपणे उच्चारला, की मला त्यात मोहरांचा आवाज ऐकू आला.

तेव्हा खजिन्याआधी नळकांड्याविषयी थोडे. पाणबुड्याच्या पाठीवर जे नळकांडे बांधतात, त्यात प्राणवायू भरलेला असतो असा सार्वत्रिक समज आहे. तसे नाही. त्यात आपली रोजचीच हवा असते, फक्त दाबून भरलेली. म्हणजे आमच्या सकाळच्या रत्नागिरी-देवरूख एसटीसारखी. हे यंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो नावाच्या नौदल अधिकाऱ्याने आणि गान्यां नावाच्या इंजिनिअरने मिळून सिद्ध केले. दहा मीटर खाली गेले, की अंगावरचा दाब दुप्पट होतो. कान दुखतात, नाक धरून आतल्या आत फुंकर मारावी लागते. आणि वर येताना दोन नियम कटाक्षाने पाळावे लागतात : घाई करायची नाही आणि श्वास रोखून धरायचा नाही. बँकेतल्या बढतीलाही हेच नियम लागू आहेत. पहिला आम्ही नाइलाजाने पाळतो, दुसरा पाळणे जमत नाही.

आता खुद्द रत्नागिरीचे म्हणाल, तर आमच्याकडे बुडालेले जहाज बघायला पाण्यात उतरावे लागत नव्हते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि 'बसरा स्टार' नावाचे तेलवाहू जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्याला टेकले. खलाशी सुखरूप उतरले, पण जहाज काही हलेना. वर्षानुवर्षे ते तिथेच तिरके होऊन गंजत राहिले आणि लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढीत राहिले. लग्न ठरलेली जोडपी तर हौसेने जात. बुडत्या जहाजापुढे उभे राहून संसाराचा पहिला फोटो काढायला छातीच लागते.

पण मेहुण्याला लोखंडाचे ताजे जहाज नको होते. त्याला जुने हवे होते. शिडाचे, लाकडी, आत सांगाडा आणि सांगाड्याच्या मिठीत पेटी. त्याच्या दुर्दैवाने आपल्या समुद्रात असे जहाज उरत नाही. स्वीडनचे 'वासा' हे जहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत, बंदरातून बाहेर पडता पडताच बुडाले आणि १९६१ साली जवळजवळ अख्खेच्या अख्खे वर काढले. कारण तिथल्या थंड, अळणी पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्रकिडा जगत नाही. आपल्याकडे पाणी उबदार आणि खारट. हा किडा इथे सुखाने नांदतो आणि पन्नास-शंभर वर्षांत जहाजाचा भुगा करतो. मागे उरते ते त्याच्या दातांना न जुमानणारे : दगड, लोखंड, खापर, हस्तिदंत. म्हणजे आपल्याकडचे जुने जहाज हे जहाज नसतेच. ते जहाजातले सामान असते, जहाजाच्या आकारात पसरलेले.

असे सामान शोधायचे काम गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था करते. तिथले पुरातत्त्वज्ञ पाठीवर नळकांडी बांधून स्वतः बुड्या मारतात. सरकारी नोकरीत राहून खरोखरच खोलात जाणारी माणसे मला तरी दुसरी ठाऊक नाहीत. मार्मागोव्याच्या बाहेर सुंची नावाचा खडक आहे. तिथे पाणी जेमतेम काही मीटर खोल. त्यात त्यांना सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. तोफा, हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी आणि मर्तबान जातीच्या मोठ्या बरण्यांची खापरे. हे मर्तबान म्हणजे ब्रह्मदेशातले बंदर. बरणीला त्याचेच नाव चिकटले. ब्रह्मदेशातून या किनाऱ्याला काय तो एक थिबा राजाच १८८६ साली आला, अशी आम्हां रत्नागिरीकरांची समजूत. त्याच्या दोन-अडीचशे वर्षे आधी तिकडच्या बरण्या येऊन बुडाल्यासुद्धा होत्या!

पण माझे आवडते जहाज दुसरेच आहे. तेही गोव्याजवळचेच, सेंट जॉर्ज नावाच्या बेटाच्या खडकांतले. त्यात ना तोफा, ना हस्तिदंत. त्यात सापडली कौले. छपराची कौले, कोन्याची कौले, जमिनीच्या फरश्या, विटा. आणि त्यांवर छाप : बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. म्हणजे मंगळूरच्या कारखान्याचा माल. कारखाना त्या साली निघाला, तेव्हा जहाज त्यानंतर केव्हा तरी बुडाले.

"म्हणजे भावजी, कौलंच?" मेहुण्याचा चेहरा लॉटरीचा निकाल वाचल्यासारखा झाला. "ती तर तुमच्या पडवीवर पण आहेत."

तेच तर म्हणतो मी! आमच्या पडवीवर आहेत म्हणूनच त्या जहाजाशी माझे नाते आहे. मोहरांच्या पेटीशी माझे काय नाते? मोहरा आम्ही फक्त दुसऱ्यांच्या तारण घेतलेल्या पाहिल्या. पण कौले म्हटली, की हिशेब डोळ्यांपुढे उभा राहतो. कुणीतरी ती मागवली असणार. पैसे साठवून, कदाचित उचल घेऊन. जुने गवती छप्पर काढून ठेवले असणार आणि रोज बंदरावर चौकशीला जात असणार, 'आली का हो आमची कौलं?' ती आली नाहीत. त्या पावसाळ्यात कुठले तरी घर उघडे राहिले. इतिहासाच्या पुस्तकात हे घर नाही. समुद्राच्या तळाशी मात्र त्याचे अख्खे छप्पर आहे.

आता एक असे बुडीत खाते, ज्यावर आपल्याच सह्या आहेत. विजयदुर्ग. वाघोटनच्या खाडीत गिर्ये येथे आंग्र्यांची गोदी होती. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला ते कोरड्यावर टेकले की खालून दुरुस्ती करायची. इंग्रज, डच, पोर्तुगीज, कुणाचेही जहाज या किनाऱ्यावरून जाताना आंग्र्यांच्या नावाने घाम पुसत असे. इंग्रजांचे 'डर्बी' हे जहाज आंग्र्यांनी १७३५ साली पकडून आणले होते. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे जमेना. भाऊबंदकीत आपण जे करतो तेच झाले : शेजाऱ्याला मध्यस्थ घातले. १७५५ साली नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला, की दोघांनी मिळून तुळाजीचा बंदोबस्त करायचा.

फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आरमार घेऊन विजयदुर्गापुढे आला. बरोबर क्लाइव्ह होता. १२ फेब्रुवारीला इंग्रजांचा एक तोफगोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला आणि ते पेटले. हे जहाजही मूळचे इंग्रजांचेच, आंग्र्यांनी पकडलेले. त्याची आग शेजारच्या जहाजाला, त्याची त्याच्या शेजारच्याला, असे करता करता किल्ल्याच्या आडोशाला उभे असलेले सगळे आरमार जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज निघाला, तो इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतला. करारातले दुसरे भागीदार बाहेर उभे. क्लाइव्ह तिथून निघाला आणि पुढच्याच वर्षी प्लासीला पोचला. हिशेब सरळ आहे : आपण एक भाऊ वसूल करायला गेलो आणि समुद्र बुडवून आलो.

आज विजयदुर्गाच्या धक्क्यावर उभे राहिले, की पाणी अगदी शांत दिसते. पर्यटक विचारतात, 'इथं मासे ताजे मिळतात का?' मिळतात. त्याच पाण्यात एका संध्याकाळी मराठ्यांचे मोठे आरमार जळाले, हे मात्र मुद्दाम सांगावे लागते.

मेहुण्याला एक आशा शिल्लक होती. "पण भावजी, खाली जाऊन बघण्यासारखं अख्खं जहाज कुठंच नाही?" आहे, म्हणजे योजनेत आहे. नौदलाची 'गुलदार' ही नौका १९८५ ला सेवेत आली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. २०२५ मध्ये ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली केली; निवतीच्या खडकांजवळ ती बुडवायची आणि पाण्याखाली तिचे संग्रहालय करायचे, असा बेत. प्रवाळ धरतील, मासे येतील, माशांमागून माणसे येतील. बुडवण्यासाठी सरकारने मंजुरी दिली, असे हे मला माहीत असलेले पहिले प्रकरण. एरवी सगळी प्रकरणे मंजुरीनंतर बुडतात. पण मला ही कल्पना मनापासून आवडली. हौस फिटेल ती रिकाम्या जहाजावर फिटेल. कारण काही जहाजे रिकामी नाहीत.

आमच्या आजीच्या पिढीपर्यंत मुंबई म्हणजे आगबोट. रत्नागिरीला बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे पडावात बसून तिच्यापर्यंत जायची. स्वदेशीच्या लाटेत निघालेल्या एका कंपनीला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बोटींना नावे संतांची, म्हणजे बुडायची भीती नाही. पण नोव्हेंबर १९२७ मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास'. सकाळी मुंबईहून रेवसला निघालेली, दीड-दोन तासांची वाट. आषाढातली अवस, माणसे घरी सणाला निघालेली. काशाच्या खडकाजवळ लाट आली, माणसे एका बाजूला धावली, बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य एकोणतीस दिवसांवर आले होते.

'टायटॅनिक' १९१२ साली कुठल्या वेळी हिमनगाला धडकली, ते आमच्या घरातल्या पोरांना पाठ आहे. १९८५ साली ती कुणी शोधली, किती खोल, तेही पाठ. 'रामदास' म्हटले, की 'कोण, समर्थ?' असे विचारतात. पोरांचा दोष नाही. आपणच ते खाते बंद करून टाकले.

म्हणून पाण्याखाली जाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे, की जरूर जा. मासे बघा, फोटो काढा. पण तळाशी खापर दिसले, कौलाचा तुकडा दिसला, तर खिशात घालू नका. ते ज्या जागी पडले आहे ती जागाच त्याची पावती आहे. तिथून उचलले, की ते नुसते खापर. आणि जिथे माणसे गेली आहेत, तिथे स्मशानात वागतो तसे वागा.

'रामदास' बुडाल्याचे मुंबईला दिवसभर कळलेच नव्हते. पोहत, वाहत एक लहान मुलगा संध्याकाळी गेटवे ऑफ इंडियाला लागला तेव्हा कळले. पण रेवसच्या कोळ्यांना आधीच कळले होते. मासळी विकायला मुंबईला निघालेल्या त्यांच्या होड्या वाटेत होत्या. होडीत मासळी भरलेली, आजूबाजूला माणसे बुडताहेत आणि जागा थोडी. सांगतात, की त्यांनी मासळी समुद्रात ओतून दिली आणि माणसे आत ओढून घेतली. त्या दिवसाची सगळी कमाई त्यांनी बुडीत खाती टाकली आणि माणसे जमेला धरली. आमच्या सगळ्या खतावण्यांत इतकी चोख नोंद मी दुसरी पाहिलेली नाही.