घाटाचा राजा

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्या स्पर्धकाचा किताब. चढाची खरी परीक्षा घाटातच. खोपोली सुटताच रस्ता अंगावर येतो आणि खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटरच्या आसपास उंची गाठावी लागते. शिंग्रोबाच्या देवळाकडच्या वळणांवर घोळका फुटतो. हलका गिअर टाकून, सीट सोडून पॅडलवर उभे राहणारे सडपातळ गडी पुढे सटकतात. मात्र घाटाचा राजा पुण्यातही पहिलाच येतो असे नाही. लोणावळ्यापुढे सपाटीचे वेगवान स्वार त्याला गाठू शकतात. म्हणूनच हा मान वेगळा. टूर द फ्रान्समध्ये अशा चढाईवीराला १९७५पासून लाल ठिपक्यांची जर्सी मिळते.