ऊर्जादायी बंधक : अग्निबाणाच्या इंधनातील रबर

अग्निबाणाच्या उड्डाणात सर्वांचे लक्ष ज्वाळेकडे असते. ती ज्वाळा ज्याच्या आधाराने शिस्तीत जळते, त्या रबरासारख्या पदार्थाचे नाव मात्र क्वचितच कानी पडते. आधुनिक घन इंधनात प्रामुख्याने तीन घटक असतात : ज्वलनाला ऑक्सिजन पुरविणारे अमोनियम परक्लोरेटचे स्फटिक, उष्णता वाढविणारी ॲल्युमिनियमची पूड आणि या दोहोंना धरून ठेवणारे बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर. या तिसऱ्या घटकास बंधक किंवा बाइंडर म्हणतात. वजनाने त्याचा वाटा साधारणतः १० ते १५ टक्केच असतो.

बंधक आरंभी दाट पाकासारखा असतो. त्यात इतर घटक कालवून मिश्रण अग्निबाणाच्या कवचात ओततात व ते हळूहळू रबरासारखे घट्ट होते. घन इंधन केवळ उघड्या पृष्ठभागावरून जळत जाते. ठोकळ्यास तडा गेल्यास जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, आतील दाब भडकतो आणि कवच फुटण्याचा धोका निर्माण होतो. म्हणूनच ठोकळा अभंग राखणे हे बंधकाचे आद्य कर्तव्य होय.

१९४२ मध्ये कॅलिफोर्नियात जॅक पार्सन्स यांनी बंधक म्हणून चक्क डांबर वापरले. ते उन्हाने मऊ पडे आणि थंडीने तडकत असे. पुढे पॉलिसल्फाइड रबर आले, त्यानंतर पॉलिब्युटाडाइनच्या गटातील रबरे आली. यांपैकी ‘एचटीपीबी’ हे रबर आज सर्वत्र रूढ आहे. ‘पीएसएलव्ही’च्या पहिल्या टप्प्यातील सुमारे १३८ टन इंधन याच बंधकावर आधारलेले असते.

परंतु या रबरांची एक उणीव आहे. ती जळतात खरी, पण त्यासाठी ऑक्सिजन खातात आणि ऊर्जेत भर मात्र बेताचीच घालतात. तेव्हा बंधकाच्या रेणूतच ऊर्जा का साठवू नये, असा विचार पुढे आला. त्याची बीजे जुनी आहेत : १८४६ च्या सुमारास शॉनबाइन यांनी प्रसिद्धीस आणलेले नायट्रोसेल्युलोज हेही ऊर्जादायी बहुवारिकच होते. १९७० च्या दशकात अमेरिकेत पुढे आलेले ग्लिसिडिल अझाइड पॉलिमर, म्हणजेच ‘गॅप’, हे या वर्गातील आजचे सर्वपरिचित नाव होय. त्याच्या साखळीच्या प्रत्येक कडीला तीन नायट्रोजन अणूंचा अझाइड गट जोडलेला असतो. हा गट तुटताना बाहेरच्या ऑक्सिजनवाचूनच उष्णता व नायट्रोजन वायू मुक्त होतो.

मात्र ही ऊर्जा फुकट मिळत नाही. बाजूला लटकणाऱ्या या अवजड गटांमुळे साखळीची हालचाल जखडते. एचटीपीबी सुमारे उणे ७५ अंश सेल्सियसला काचेसारखे कडक होते, तर गॅप सुमारे उणे ४५ अंशांनाच. सुमारे ११ किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते, हे ध्यानात घेतल्यास विमानाखाली टांगलेल्या क्षेपणास्त्राच्या दृष्टीने हा फरक किती मोलाचा आहे ते कळते. १९८६ च्या ‘चॅलेंजर’ दुर्घटनेत दोष बंधकाचा नव्हता, सांध्यातील रबरी कड्याचा होता. तरीही थंडीने लवचीकपणा गमावलेले रबर काय घडवू शकते, याचा तो दारुण धडा ठरला.

म्हणूनच नव्या बंधकाची कसून परीक्षा होते. अवरक्त किरणांच्या साहाय्याने अपेक्षित गट रेणूत आहेत का ते पाहतात, साखळ्यांची सरासरी लांबी ठरवितात, तापवून व गोठवून त्याचे वर्तन नोंदवितात. नमुना ताणून तो कितपत लांबतो व केव्हा तुटतो हे मोजतात. आघात व घर्षण तो किती सोसतो हेही तपासतात. शिवाय उष्ण कपाटात ठेवून कित्येक वर्षांच्या साठवणीचा परिणाम थोड्या अवधीत अजमावतात. थंडीवर मात करण्यासाठी रेणूला मऊपणा देणारी द्रव्ये मिसळणे किंवा दोन बहुवारिकांच्या साखळ्या एकत्र गुंफणे, असे उपाय योजले जातात. पुण्यातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेतही या पदार्थांवर संशोधन होत आले आहे.

या संशोधनामागे पर्यावरणाचाही हेतू आहे. अमोनियम परक्लोरेट जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. क्लोरीनविरहित ऑक्सिडीकारकांना ऊर्जादायी बंधकाची जोड द्यावी, असे प्रयत्न त्यासाठी चालू आहेत. मात्र बंधक कितीही ऊर्जा देणारा असला, तरी त्याची अंतिम कसोटी त्याच्या नावातच आहे : त्याने बांधून ठेवले पाहिजे.