चावीची खेळणी

चावीची खेळणी : गुंडाळलेल्या पोलादी पट्टीच्या स्प्रिंगेत साठवलेल्या ऊर्जेवर चालणारी यांत्रिक खेळणी. स्प्रिंगेवरची घड्याळे यूरोपात पंधराव्या शतकापासून आढळतात [→ घड्याळ]. एकोणिसाव्या शतकात न्यूरेंबर्गच्या कारखानदारांनी ती रचना पत्र्याच्या खेळण्यांत आणली. स्प्रिंगेचा ताण व तिची वाढ यांचे प्रमाण रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये मांडले [→ स्थितिस्थापकता].

चावी फिरवताना पट्टी आसाभोवती आवळते. दातेरी चाकात अडकणारी खिटी तिला एकदम उलगडू देत नाही. उलगडताना दंतचक्रमाला फेरे वाढवते, जोर घटवते [→ दंतचक्र]. चावीचा बेडूक उडी मारतो तो उत्केंद्री चाकामुळे. मागे ओढून सोडायच्या मोटारीला चावी नसते : चाकेच स्प्रिंग गुंडाळतात, ती उलगडली की गिअर सुटून मोटार घरंगळते, म्हणून वीतभर ओढलेली गाडी खोलीभर धावते.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे ही खेळणी स्टेशनबाहेरच्या पथाऱ्यांवर आणि लोकलमधील फेरीवाल्यांकडे मिळतात. आता बहुतेक प्लॅस्टिकची. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० नुसार १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. टिचकीचे बॉलपेन व कपड्यांचा चिमटा यांतही स्प्रिंगच काम करते, मात्र चक्रमालेविना [→ स्प्रिंग].