वऱ्हाडची वीज आणि वऱ्हाडचे पाणी



विजेचा इतिहास सांगताना आपण तारांचा, खांबांचा आणि दिव्यांचा सांगतो. पाण्याचा सांगत नाही. वास्तविक औष्णिक वीज केंद्र हे जितके कोळशाचे तितकेच पाण्याचे यंत्र होय. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची, त्या वाफेने चक्र फिरवावयाचे आणि वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावयाचे, असा हा व्यवहार आहे. बॉयलरमधले पाणी फिरून फिरून तेच वापरले जाते. खरा खर्च ती वाफ थंड करण्यात होतो. थंड करण्याच्या मनोऱ्यांतून जो पांढरा लोट निघतो त्याला येणारा-जाणारा धूर समजतो. तो धूर नसून हवेत उडून जाणारे नदीचे पाणी असते.

वऱ्हाडात वाफ विजेच्या पुष्कळ आधी आली. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) आपल्या कापसाला विलायतेत भाव आला, १८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचली, आणि रुळांच्या मागोमाग जिन-प्रेस उभे राहिले. त्या इंजिनांनाही पाणी लागेच; पण एका कारखान्याची तहान एखाद्या विहिरीवर भागण्यासारखी होती. भांडण व्हावे एवढे पाणी कोणी एकटा पीत नव्हता.

ते मान बदलले पारसला. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात १९६१ साली ३० मेगावॅटचा आणि १९६७ साली ६२.५ मेगावॅटचा संच सुरू झाला. केंद्र तेथेच का? कोळसा रुळावरून आणता येतो, आणि पारस रुळावर आहे. पाणी रुळावरून आणणे परवडत नाही, आणि मन नदी जवळ आहे. मन ही काही बारमाही गंगा नव्हे. तिच्या काठी जुने संच जाऊन २००८ आणि २०१० साली २५० मेगावॅटचे दोन संच आले. म्हणजे जेथे साडेब्याण्णव मेगावॅट होते तेथे पाचशे झाले; नदी मात्र तेवढीच राहिली.

येथे खारपाणपट्ट्याची आठवण ठेवली पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा ह्या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या विहिरींचे पाणी खारट आहे. घाटावरचा शेतकरी वीज मागतो ती विहिरीवर पंप बसविण्यासाठी. खारपाणपट्ट्यातल्याने पंप बसवून काय उपसावे? त्याला धरणाचे आणि नदीचे गोडे पाणीच हवे, आणि विजेच्या कारखान्यालाही तेच हवे.

सर्वांत मोठा तंटा झाला तो अप्पर वर्ध्याचा. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवर हे धरण १९९३ साली पुरे झाले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ५६ कोटी घनमीटर. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली. तिचा मोठा भाग सिंचनासाठी होता. त्याच सुमारास नांदगावपेठच्या खासगी औष्णिक केंद्रासाठी ह्याच धरणातून वर्षाला ८.७६ कोटी घनमीटर पाणी मंजूर झाले, म्हणजे उपयुक्त साठ्याचा सहावा-सातवा हिस्सा. एका हाताने पाटाला पैसा द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने पाटाचे पाणी काढून घ्यावयाचे! अमरावतीत मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. केंद्र उभे राहिले. २०१३ ते २०१५ ह्या काळात २७० मेगावॅटचे पाच संच चालू झाले.

हे कसे घडू शकले, ते समजण्यासाठी सरकारी कागद वाचावे लागतात. मी शाळेत फार टिकलो नाही. पण कामगार चळवळीने एक शिकविले, की भांडण मोर्चात दिसत असले तरी त्याचा निकाल पोटकलमात लागलेला असतो. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रम उद्योगाला होता, शेती तिसरी. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, तरी पाणी वाटत राहिली ती मंत्र्यांची उच्चाधिकार समिती. २०११ साली शेतीला दुसरा क्रम परत मिळाला खरा. परंतु त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे नेण्यात आला आणि आधीच्या वाटपांना संरक्षण मिळाले. क्रम बदलला तो पाणी देऊन झाल्यावर.

आमच्या सभांत कोणी म्हणतो, पाणी हा शेतकऱ्याचा प्रश्न आहे, कामगाराचा नव्हे. त्याने परळीकडे पाहावे. तेथील औष्णिक केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. अशा वेळी पहिला घरी बसतो तो कंत्राटी मजूर, आणि त्याचे घर बहुधा कोरड पडलेल्या गावातच असते. नदी आटली म्हणजे बापाचे शेत आणि लेकाची हजेरी दोन्ही एकदमच जातात.

मार्ग नाही असे नव्हे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या केंद्रांना दर मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणाने, सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प ५० किलोमीटरच्या आत असेल तर औष्णिक केंद्राने तेच पाणी वापरावे, असे ठरविले. नागपूर शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या केंद्राला दिले जाते. अकोल्याची मोर्णा आणि अमरावतीचा अंबानाला ह्यांतून वाहणारे सांडपाणी आपण सारेच ओळखतो. अकोल्यापासून पारस आणि अमरावतीपासून नांदगावपेठ, दोन्ही पन्नास किलोमीटरच्या आत आहेत.