दूधसागर : दुधाची कथा, मिठाचा करार

राजकन्या, सोन्याची घागर आणि लज्जारक्षणासाठी ओतलेला दुधाचा पडदा, ही दूधसागरची दंतकथा आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण या धबधब्यासमोरून जो रेल्वेपूल जातो, त्याच्या मुळाशी मिठाचा एक करार आहे. ही हकीकत मात्र बेळगावच्या किंवा गोव्याच्या फारच थोड्या घरांत सांगितली जाते.

मांडवीला मिळणाऱ्या पाण्याचा हा प्रवाह सह्याद्रीच्या माथ्यावरून सुमारे ३१० मीटर खाली कोसळतो. उन्हाळ्यात तिथे बारीक धार असते. खरा दूधसागर आषाढ-श्रावणातला. पश्चिमेकडून भरलेले ढग कड्यावर आदळतात आणि वारा पाण्याचे तुषार उलटे वर उडवतो. गाडी पुलावर आली की खिडकीकडेची माणसे चिंब होतात. कित्येकदा तर धुक्यामुळे दिसत काहीच नाही, नुसता घोष ऐकू येतो. डब्यातली मंडळी त्या पांढऱ्या भिंतीकडेच बघत हात जोडतात.

हे दर्शन फार जुने नाही. रेल्वेपूर्वी या मुलखातला व्यापार बैलांच्या तांड्यांवर चाले आणि पावसाळ्यात घाटवाटा जवळजवळ बंद पडत. भर वादळात हा धबधबा पाहिलेली माणसे तेव्हा रानातलीच असणार. पावसाळी दूधसागर ही आगगाडीने दिलेली देणगी आहे, असे मला वाटते.

ती गाडी आली कशी? २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत करार झाला. इंग्रजांचा डोळा गोव्याच्या मिठावर होता. गोव्यातले स्वस्त मीठ घाटावर चोरून येई आणि इंग्रजांचे मीठकराचे उत्पन्न बुडे. करारान्वये गोव्यातील मीठ-उत्पादनाचे नियंत्रण इंग्रजांकडे गेले. मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये ठरले. दोन्ही बाजूंमधील जकात उठली, आणि मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे बांधायचे ठरले. १८८१ मध्ये वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे ही कंपनी निघाली. घाटाला पोर्तुगालच्या राजघराण्याचे नाव मिळाले, ब्रागांझा. कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरांचा उतार, दर ३७ फुटांना एक फूट. पावसात भिजणाऱ्या डोंगराला भोके पाडून हा मार्ग काढला. ज्या मजुरांनी तो काढला त्यांची नावे कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत. १८८८ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली.

आता गंमत पाहा. १८९२ साली करारच संपला. जकातीचे नाके परत आले. ज्या एकत्र बाजारपेठेसाठी डोंगर फोडला, ती रेल्वेच्या वाट्याला जेमतेम चार वर्षे आली. मिठागरे मोडून पडलेल्या गोवेकरांना मात्र त्याच गाडीने पोटापाण्यासाठी घाट चढावा लागला. बेळगाव, धारवाड, मुंबईकडे गेलेल्यांची चौथी-पाचवी पिढी आज हा अंक वाचत असेल.

त्यानंतर अनेक वर्षे दूधसागर दोन जकातनाक्यांच्या मधोमध होता. वर कॅसलरॉकला आपले, खाली कुळ्याला पोर्तुगीजांचे. सामान दोनदा उघडायचे, प्रश्नांना दोनदा उत्तरे द्यायची. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात निःशस्त्र माणसांवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी भारताने ही रेल्वेवाहतूक बंद केली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत माहेर फोंड्यात आणि सासर खानापुरात असलेल्या बाईला सरळ गाडी उरली नव्हती. लग्नकार्ये चुकली, मयतीलाही पोचता आले नाही. धबधबा त्या सहा पावसाळ्यांतही कोसळतच होता, पण पुलावरून त्याला बघणारा उतारू नव्हता.

राजकारण शमले तरी डोंगर शमलेला नाही. २३ जुलै २०२१ रोजी मंगळूरहून मुंबईकडे निघालेली गाडी दूधसागरजवळ दरड कोसळल्याने रुळावरून घसरली. चिपळूणच्या पुरामुळे कोकण रेल्वेचा मार्ग अडला, म्हणून तिला या घाटातून वळवले होते. एका वादळातून निसटलेली गाडी दुसऱ्यात सापडली. प्रवासी सुखरूप राहिले, हे नशीब.

तरीही माणसांचा ओघ वाढतोच आहे. २०१३ च्या 'चेन्नई एक्स्प्रेस' चित्रपटानंतर तर विचारू नका. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमान्वये विनापरवाना रुळांवर फिरणे गुन्हा असूनही पोरे कुळ्याहून बोगद्यांतून चालत निघतात. जुलै २०२३ मध्ये अशा शेकडो तरुणांपैकी काहींना रेल्वे पोलिसांनी तिथेच कान धरून उठाबशा काढायला लावल्या. आम्हा शिक्षकांनी ही शिक्षा केव्हाच सोडली. पण बोगद्यात पाऊस गर्जत असताना मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, हे या पोरांना कोण सांगणार? पावसाळ्यात कुळ्याच्या जीपगाड्याही बंद असतात. तेव्हा दर्शन घ्यायचे ते डब्यातूनच.

याच घाटात दुसरा रूळ टाकायची योजना होती. अभयारण्यातून जाणाऱ्या कॅसलरॉक–कुळे दुहेरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. पहिला रूळ टाकताना मिठागरांत राबणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. या वेळी निदान रानाच्या वतीने न्यायालयात बोलणारे लोक निघाले.